हमामखान्याची पश्चिमेकडची भिंत

अहमदनगर,
रविवार, १२ जानेवारी १९४७

प्रिय योहान यास, सलाम.

नाताळच्या दिवशी तू भरल्या ताटावरून उठून गेलास, त्याला आज अठरा दिवस झाले. तुझ्या वहिनीनं ते ताट दिवेलागणीपर्यंत झाकून ठेवलं होतं. तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. झालं ते कळवतो.

मुंबईला एका मोठ्या वास्तुकाराच्या ऑफिसात तुला जागा मिळाली, असं चर्चमधून बाहेर पडताना कानावर आलं. घरच्या माणसाला ही बातमी पायरीवर कळावी, याचं वाईट वाटलं. असो.

राजूरच्या दवाखान्याच्या नकाशावर मी माझी सही केली, एवढ्यावरून तू घर सोडलंस. दारावर 'भिंगारदिवे बंधू' अशी पाटी आहे आणि त्या बंधूंत थोरला मी आहे. व्हरांड्याचं छप्पर तू फार पुढे काढलं होतंस, ते मी दोन हात मागे घेतलं, कारण सागवान मिळत नाही. नकाशा बदलला की तो बदलणाऱ्याचा होतो. यात तुझा अपमान कुठे आला?

या वर्षी तीन कामं हातात आहेत. राहात्याला धान्यबाजाराची शेड, राजूरचा दवाखाना, आणि वेशीबाहेरचा जुना हमामखाना. निजामशाहीतल्या त्या न्हाणीघराचं वाचनालय करायचं कमिटीनं नक्की केलं आहे. तिन्ही कामं होतील, तू नसलास तरी. बाबांच्या हाताखाली मी तेराव्या वर्षी थापी धरली, आणि पुढे तू शिकावंस म्हणून ती सोडली नाही. माझ्याकडे कॉलेजचा कागद नाही, पण भिंत मला कळते.

तुझ्या टेबलावरचं सामान खोक्यात भरून ठेवलं आहे. पाठवायचं असेल तर कळव.

तुझा भाऊ,
योसेफ


अहमदनगर,
रविवार, ९ मार्च १९४७

प्रिय योहान यास, सलाम.

माझ्या पत्राला उत्तर नाही. पण वहिनीच्या नावानं तुझं पाकीट आलं. तिनं ते स्वयंपाकघरात उभ्यानंच वाचलं, हसली, आणि पिठाच्या डब्यामागे ठेवून दिलं. "काय म्हणतो?" मी विचारलं. "बरा आहे म्हणतो," ती म्हणाली. चार पानांत माणूस नुसता बरा आहे असं लिहीत नाही, एवढं मलाही कळतं.

राहात्याची शेड पुरी झाली. गेल्या गुरुवारी बाजार तिथं भरला. तू ती पाहिलेली नाहीस म्हणून सांगतो. मधलं छप्पर बाजूच्या छपरांपेक्षा कमरेइतकं उंच उचललं आहे आणि त्या फटीतून सगळी गरम हवा वर निघून जाते. बाहेर फुफाटा उडत असताना आत बाजरीच्या पोत्यांवर माणसं डुलक्या घेत होती. बैल सोडून येणारा प्रत्येक जण आत पाऊल टाकलं की मान वर करून बघायचा. मी दोन तास एका खांबाला टेकून तेवढंच पाहत होतो.

मग वाचनालय कमिटीचे अध्यक्ष आप्पासाहेब वकील आले. मुद्दाम नगरहून आले होते. चारी बाजूंनी फिरून माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "वा, योसेफराव! योहानचा हात लपत नाही हो."

मी म्हणालो, "हे माझं काम आहे."

"तुमचंच की," ते म्हणाले, "बांधलंत तुम्हीच. पण कल्पना त्याची ना?"

योहान, ती शेड पहिल्या रेघेपासून माझी आहे. तू तेव्हा राजूरच्या नकाशात गुंतला होतास. तू या शेडीचा कागददेखील पाहिला नाहीस. हे मी आप्पासाहेबांना सांगायला हवं होतं. पण मी म्हणालो, "उन्हाचं फिरू नका, चहा घ्या."

परत येताना मोटारगाडीची सोय कुठली, एका मालाच्या लॉरीत पुढे बसून आलो. सबंध रस्ताभर मला एकच वाटत होतं. माझ्या हातून वाईट झालं तर ते माझं, आणि चांगलं झालं तर ते तुझं. मग मी कशासाठी जन्मलो?

योसेफ


अहमदनगर,
रविवार, २९ जून १९४७

प्रिय योहान यास, सलाम.

राजूरहून काल आलो. दवाखाना सुरू झाला आहे. तिकडचा पाऊस तुला ठाऊक आहे. आपल्या नगरच्या पावसासारखा तो वरून पडत नाही, बाजूनं येतो.

तू विचारणार नाहीस, पण वहिनी लिहीलच, म्हणून मीच लिहितो. व्हरांड्यातली माणसं भिजतात. डोंगरावरच्या वाड्यांतून पोरं पाठीला बांधून बाया येतात, नंबर येईपर्यंत बसतात, आणि पाऊस थेट त्यांच्या मांडीवर येतो. डॉक्टर मला म्हणाले, "छप्पर आणखी दोन हात पुढे असतं तर!" नेमकं दोन हात म्हणाले. त्यांना कुणी सांगितलं होतं, देव जाणे.

एक म्हातारी पोतं पांघरून कोपऱ्यात कुडकुडत होती. मला म्हणाली, "घर बांदनारा हिकडचा न्हाई, व्हय रं?"

मी सुतार बोलावले. बाहेरून लाकडी टेकू देऊन छप्पर दोन हात वाढवून घेतलं. सागवान नाही मिळालं, ऐनाचं लाकूड वापरलं. म्हणजे आता ते तू काढलं होतंस तसंच आहे. दवाखान्याच्या कमिटीला मी सांगितलं, की ही दुरुस्ती मला सुचली. ते "छान, छान" म्हणाले.

छान म्हणवून घेतल्यावर बरं वाटेल असं मला वाटलं होतं.

सागवान मिळत नव्हतं हे जानेवारीत मी तुला लिहिलं. ऐनाचं लाकूड तेव्हाही मिळत होतं.

योसेफ


अहमदनगर,
रविवार, १३ जुलै १९४७

प्रिय योहान यास, सलाम.

मोठी बातमी. दिल्लीहून तारीख जाहीर झाल्यापासून इथं सगळ्यांना घाई सुटली आहे. आप्पासाहेबांनी सभेत सांगून टाकलं, वाचनालयाचं दार पंधरा ऑगस्टला उघडायचं. आठ कोनी दालन, वर घुमट, खाली बाकांवर वर्तमानपत्रं वाचणारी माणसं. सगळा गाव येईल. आणि या कामावर तुझा हात दिसला असं कुणाला म्हणता येणार नाही, कारण तू सात महिने नगरात नाहीस.

घुमटाला पश्चिमेच्या अंगानं चीर आहे, ती तू पाहिली होतीस. आता ती बोट आत जाईल एवढी झाली आहे. मी घुमटावरून सिमेंट-काँक्रीटचा चार इंच जाड थर देतो आहे. सिमेंटचं परमिट मिळवायला किती खेटे घातले ते माझं मला माहीत. चीर बुजेल, गळती थांबेल, दिसायलाही नवं दिसेल.

गहिनीनाथ मिस्त्री कुरकुरतो आहे. तो आणि झुंबरबाई, नवराबायको दोघंही माझ्या कामावर वीस वर्षं आहेत. तो भिंती बांधतो, ती चुना मळते. काल त्यानं थापी खाली ठेवली.

"मोठे सायेब, धाकलं सायेब म्हन्लं हुतं, आदी भितीखालच्या खापरी नळाचं पानी दुसरीकडं काडा. भित वाळू द्या. मंगच वर हात लावा."

"धाकटे साहेब आहेत कुठं?" मी विचारलं.

"न्हाईत."

"मग?"

त्यानं थापी उचलली. पण तोंडातल्या तोंडात म्हणाला, "पन त्येंनी समदं वहीत लिवलंया."

तुझ्या खोक्यात एक निळी वही आहे खरी. मी ती उघडली नाही. दुसऱ्याचं वाचायची मला सवय नाही.

आता कुणी म्हणेल, भिंत एक उन्हाळा वाळू द्या, घुमटावर वजन घालू नका, फक्त चुना वापरा, चिरेवर काचेच्या पट्ट्या चिकटवून चीर वाढते का ते पाहा. असं म्हणणाऱ्याला पंधरा ऑगस्ट करायचा नसतो. मुंबईत बसून शहाणपण सोपं असतं.

योसेफ


अहमदनगर,
रविवार, १० ऑगस्ट १९४७

योहान,

बुधवारी दुपारी घुमटाचा पश्चिमेकडचा भाग खाली आला.

जेवणाची सुट्टी होती. माणसं बाहेर लिंबाखाली होती. झुंबरबाई तेवढी आत होती. आत गार असतं म्हणून ती भाकरी घेऊन भिंतीला टेकून बसली होती. आधी भिंत बसली, मग वरचं आलं. गहिनीनाथानं हातांनी दगड ओढले. आम्ही सगळ्यांनीच ओढले.

ती जिवंत आहे. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

वीस वर्षं मागे जाऊन आठवतो आहे, की ती माझ्या घरी पहिल्यांदा कधी जेवली होती. आठवत नाही.

आज चर्चला गेलो नाही. जास्त लिहवत नाही.

योसेफ


अहमदनगर,
रविवार, ७ सप्टेंबर १९४७

योहान,

हे पत्र मी तीनदा फाडलं. या खेपेला पुरं करतो.

पंधरा ऑगस्टचा झेंडा शाळेच्या मैदानावर लागला. मी गर्दीत मागे उभा राहिलो. तिसऱ्या दिवशी कमिटीनं मला बोलावलं. आप्पासाहेबांनी सरळ विचारलं, "पश्चिमेची भिंत ओली आहे हे काम सुरू करण्यापूर्वी कुणी तपासलं होतं?"

मी म्हणालो, "मोजमापं धाकट्या भावानं घेतली होती. भिंत कोरडी आहे असं त्यानं सांगितलं. मी त्याच्या भरवशावर काम केलं."

हे खोटं होतं. बोलताना माझा आवाजसुद्धा कापला नाही.

त्यांनी तुझ्या ऑफिसला लिहिलं. ऑफिसनं तुझ्याकडे खुलासा मागितला आणि तो होईपर्यंत कामावर येऊ नको म्हणून सांगितलं, हे तुझ्या वहिनीला, मेरीला आलेल्या पत्रावरून कळलं. या वेळी तिनं पत्र पिठाच्या डब्यामागे ठेवलं नाही. माझ्यासमोर आणून धरलं. एवढं कळवून पुढे तू दोनच ओळी लिहिल्या होत्यास. 'वहिनी, झुंबरबाई कशी आहे ते कळवा. आणि दादाला विचारा, माझी वही सापडली का.'

"सापडली का?" मेरीनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

 तिनं डबा भरला आणि दवाखान्यात गेली. रोज जाते. घरात माझ्याशी जेवणापुरतंच बोलते. मला वाढते आणि स्वतः नंतर जेवते.

आता वहीचं सांगतो. ती मी जुलैतच वाचली होती. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, दारं लावून. तू पश्चिमेच्या भिंतीवर कान ठेवून नळाच्या पाण्याचा आवाज ऐकला होतास. पायाजवळ खणून माती हातात घेतली होतीस. 'आधी नळ वळवणे. एक पूर्ण उन्हाळा थांबणे. घुमटावर वजन घातल्यास भिंत बसेल.' सगळं लिहिलं होतंस. वाचताना मला कळत होतं की हे बरोबर आहे. आणि बरोबर आहे म्हणूनच मला ते करवेना. ते केलं असतं तर हमामखानाही तुझा झाला असता.

तू नऊ वर्षांचा असताना मिशनच्या शाळेची कमान मी एकट्यानं लावली. माझी पहिली कमान. बाबांनी पाहिली, मान हलवली. तू खाली गोट्या खेळत होतास. वर बघून म्हणालास, "दादा, डावीकडं उतरलीय." बाबांनी दोरी लावली. उतरली होती, बोटभर. बाबा सगळ्या गवंड्यांसमोर हसले, म्हणाले, "याच्या डोळ्यातच ओळंबा हाय." मग मी ती कमान उतरवली आणि पुन्हा लावली. तुला हे आठवतही नसेल. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. तेव्हापासून मी जे जे बांधलं, ते तू खालून वर बघशील या भीतीनं बांधलं.

परवा मी पहिल्यांदा झुंबरबाईला भेटायला गेलो. इतके दिवस मेरी एकटीच जात होती. झुंबरबाई उशीला टेकून बसली होती. मला पाहून पदर सावरला. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "योहान तुझी विचारपूस करत होता."

तिचं तोंड एकदम उजळलं. मग ती घाबरली. "धाकल्या सायबास्नी माज्या पायाचं कळवू नका, सायेब. त्येंच्या जिवाला लई लागल. तिकडं एकलेच हाईत त्ये."

योहान, त्या बाईचा पाय माझ्यामुळे गेला होता. तिच्या खाटेजवळ उभा राहून मला काय वाटलं माहीत आहे? मला वाटलं, ही सुद्धा त्याचीच. माझ्याकडे पाहून हिचं तोंड कधी असं उजळलं नाही.

हा विचार मनात आला आणि मी जिथं होतो तिथं खाली बसलो. परिचारिका पाणी घेऊन आली. झुंबरबाईला वाटलं, मला तिच्या पायाचं दुःख झालं. ती मलाच समजावत राहिली. "हुतं ते हुतं, सायेब. तुमी काय मुद्दाम केलंया व्हय?"

घरी आलो. वही माझ्या लोखंडी पेटीत कोटाच्या खाली होती. काढून मेरीच्या पुढ्यात ठेवली. तिनं वही पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"मला कशाला देता?" ती म्हणाली. "ज्यांना द्यायची त्यांना द्या."

येत्या शनिवारी कमिटी बसते आहे.

योसेफ


अहमदनगर,
रविवार, २८ सप्टेंबर १९४७

प्रिय योहान यास, सलाम.

तेराला कमिटी बसली. मी वही टेबलावर ठेवली नाही, उभा राहून वाचून दाखवली. 'आधी नळ वळवणे' इथपासून. तारीखही वाचली, गेल्या वर्षीची नोव्हेंबरची. मग सांगितलं की ही वही माझ्याजवळ होती, मी काम सुरू करण्यापूर्वी ती वाचली होती, आणि गेल्या सभेत मी भावावर खोटा आळ घेतला.

 आप्पासाहेबांनी चष्मा काढला. "पण का, योसेफराव?"

मी म्हणालो, "मला त्याचा हेवा वाटतो."

सेहेचाळीस वर्षांच्या माणसानं चारचौघांत असं म्हणावं, याची त्यांनाच लाज वाटली. त्यांनी नजर खाली घातली. मला मात्र हलकं वाटलं नाही. असं बोलल्यावर हलकं वाटतं म्हणतात, ते तितकंसं खरं नाही.

त्यांनी माझ्याकडून काम काढून घेतलं. पोलिसांकडेही जबाब झाला आहे, त्याचं जे व्हायचं ते होईल. तुझ्या ऑफिसला त्याच दिवशी पत्र गेलं, तुझ्याकडे दोष नाही म्हणून. त्याची नक्कल सोबत ठेवली आहे.

गहिनीनाथ बाहेर पायरीवर बसला होता. त्याला सगळं कळलं होतं. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तो उठला नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा तो मला पाहून उठला नाही.

"वाचली हुती तुमी?" त्यानं विचारलं.

"हो."

"मी सांगितलं, तवा वाचली हुती का न्हाई?"

"वाचली होती."

 "मंग मी तुमच्या हाताखाली करनार न्हाई आता." एवढं बोलून तो बायकोकडे निघून गेला. झुंबरबाईला आम्ही मिशनच्या शाळेजवळच्या खोलीत आणलं आहे. मेरी तिच्याबरोबर असते. मीही जातो. तोवर ती माझ्याशी आधीसारखीच बोलत होती. मी तिलाही सगळं सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, "च्या घ्या." तेवढंच.

आता कामाचं. नळाचं पाणी वळवलं. भिंत उघडी टाकली आहे. उरलेला घुमट अजून उभा आहे, खाली बल्ल्यांचे टेकू दिले आहेत. वरचं काँक्रीट हळूहळू फोडून उतरवतो आहोत. काम काढून घेतलेल्या माणसानं हे करावं असं कुणी मला सांगितलं नव्हतं, पण कुणी अडवलंही नाही. कमिटीत सगळे एकमुखानं म्हणाले, योहानला बोलवा. एक पूर्ण उन्हाळा थांबायचं, मग चुन्यात करायचं, तू लिहिलंस तसं. गहिनीनाथ म्हणाला, "धाकलं सायेब आल्याबिगर मी त्या भितीला हात लावनार न्हाई."

मी तुला बोलावतो आहे. पण त्याआधी एक सांगितलं पाहिजे, नाहीतर नंतर तू म्हणशील की दादानं हे लपवलं.

सगळे 'योहानला बोलवा' म्हणाले, त्या क्षणी मला वाटलं, उरलेला घुमटही पडावा. तुला दुरुस्त करायला काही उरू नये. मी वही वाचून दाखवली होती, खरं बोललो होतो, आणि तरी हे वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. मी बदललो म्हणून तू येऊ नकोस. मी असाच आहे, आणि तुला याच माणसाच्या शेजारी काम करावं लागेल.

दारावरची पाटी मी उतरवून आत ठेवली आहे. तुला लावावीशी वाटली तर लाव, वाटली नाही तर दुसरी करून घे.

यायचं ठरवलंस तर येत्या शनिवारी ये. दौंडहून येणाऱ्या गाडीला तुझी वहिनी येईल. गहिनीनाथ येईल, आप्पासाहेबही येतील म्हणतात. मी स्टेशनवर येणार नाही. तुला उतरताना पाहून सगळ्यांची तोंडं जशी होतील, ती मला अजून पाहवणार नाहीत. रागावू नकोस.

सोमवारी सकाळी सातला मी हमामखान्यावर असेन. तू काय करायचं ते सांग. मी करीन.

तुझा दादा,
योसेफ